चकाकीचें मोल



सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेऊं पाहणारा मनुष्य काय काय करतो, हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना माझा आजचा विषय समजावयास वेळ लागणार नाहीं. तो घोड्याच्या अंगावरची चकाकी पाहतो, भोंवरे पाहतो, चाल पाहतो. आणि हें सर्व झाल्यावर जबडा उघडून दांत पाहतो. कारण खरारा करून आणि तेल चोळून कातडी एका रात्रींत चकाकवितां येते. दांत मात्र वय सांगतात. अर्थात् दांतांवरहि पूर्ण भरंवसा ठेवावा असें नाहीं. इंग्लंडांतील घोड्यांचे कित्येक दलाल म्हाताऱ्या घोड्याचे दांत कानशीनें घासून आणि तापल्या सळईनें डागून त्याला तरुण करीत असत. ह्या विद्येला त्यांच्या भाषेंत स्वतंत्र नांवहि होतें.

मोटारीला दांत नाहींत. तिच्या अंगावर रंग आहे, आणि जुनी पण उंची मोटार घेणारा मनुष्य तिचें वय, तिची चालचलणूक आणि तिच्या पहिल्या धन्याचा स्वभाव ह्या रंगावरूनच ओळखूं पाहतो. परंतु हा रंग कसा असावा, याविषयींची गिऱ्हाइकाची अपेक्षा गेल्या शंभर वर्षांत एकसारखी राहिलेली नाहीं. जुनी गाडी नव्यानें रंगविलेली असणें ही गोष्ट एके काळीं उत्तम निगेची खूण समजली जाई. पुढें ती फसवणुकीची खूण ठरली. आणि आज कांहीं गाड्यांच्या बाबतींत तर तो इतिहासाविरुद्ध केलेला अपराध मानला जातो. हें स्थित्यंतर कसें झालें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

मोटारी प्रथम निघाल्या तेव्हां त्यांचें अंग घडविण्याचें काम बग्ग्या बनविणाऱ्या कारागिरांकडेच गेलें. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसरें महायुद्ध संपेपर्यंत आपल्या गाडीचा केवळ सांगाडा, म्हणजे चाकें, यंत्र आणि लोखंडी चौकट, एवढेंच विकीत असे. वरचें अंग धन्यानें हूपर किंवा बार्कर अशा लंडनच्या नामांकित बग्गीवाल्यांकडून आपल्या आवडीप्रमाणें करवून घ्यावयाचें, अशी रीति होती. रंगाचें काम तर फारच चिकाटीचें. तेलाच्या रंगाचे आणि व्हार्निशचे हात एकावर एक द्यावयाचे, प्रत्येक हात पुरता वाळूं द्यावयाचा, मग घासून गुळगुळीत करून त्यावर पुढचा हात द्यावयाचा. असें करतां करतां एकेका गाडीला कित्येक आठवडे लागत. ओल्या व्हार्निशवर धूळ बसूं नये म्हणून रंगशाळेच्या जमिनीवर पाणी शिंपडून ठेवीत. इतक्या श्रमाचा हा मुलामा, पण टिकाऊ मुळींच नव्हता. उन्हानें तो पिवळा पडे, त्याला भेगा जात. म्हणून श्रीमंतांच्या गाड्या ठराविक काळानें पुन्हा रंगशाळेंत जात आणि नव्या होऊन बाहेर येत. त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई आठवा. कल्हई केलेलें भांडें दिसलें म्हणून तें खोटें, असें कोणी म्हणत नाहीं. उलट कल्हई उडालेली दिसली तर घरच्या बाईच्या निगेविषयींच शंका घेतात.

त्यामुळें १९१० किंवा १९२० सालीं जुनी उंची मोटार घेणारा गृहस्थ, हिचा रंग मूळचा आहे काय, असा प्रश्न विचारीतच नसे. तो यंत्राचा आवाज ऐके, सांगाड्याचा क्रमांक पाही, आणि अंग जुन्या वळणाचें वाटलें तर तें उतरवून नवें चढवी. एकाच रोल्सच्या सांगाड्यावर तिच्या हयातींत दोन-दोन अंगें चढलेलीं आढळतात. अशा गाड्या पुढें भाड्यानें फिरत, आणि कित्येकींच्या नशिबीं शेवटीं शववाहिनी होण्याचें येई. यंत्र इतकें निःशब्द कीं प्रेतयात्रेलाहि तेंच योग्य ठरावें, ह्यांत अपमानापेक्षां गौरवच अधिक होता, असें मला वाटतें.

हा क्रम अमेरिकेंत १९२३ सालीं मोडला. ड्युपाँ ही मूळची बंदुकीची दारू करणारी कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून जो पदार्थ सिद्ध होतो, त्यापासून स्फोटक दारूहि होते आणि सिनेमाची फीतहि होते. त्याच पदार्थापासून ह्या कंपनीनें 'ड्युको' नांवाचा झटपट वाळणारा रंग तयार केला. जनरल मोटर्सच्या ओकलंड नांवाच्या गाडीवर, १९२४ च्या नमुन्यासाठीं, तो प्रथम चढला. गाडी निळी होती, आणि हा निळा रंग फवाऱ्यानें उडवितां येत असे. जें काम आठवड्यांचें होतें तें तासांवर आलें. तिकडे फोर्डनें १९१४ ते १९२५ पर्यंत आपल्या प्रसिद्ध मॉडेल-टी गाडीला काळ्याखेरीज दुसरा रंग दिला नव्हता. तो आतां मागें पडूं लागला, आणि १९२७ सालीं ती गाडीच बंद झाली.

त्याच १९२७ सालीं जनरल मोटर्सनें हार्ले अर्ल ह्या कलावंताच्या हाताखालीं कला आणि रंग ह्यांसाठीं एक स्वतंत्र खातें उघडलें. ह्या कंपनीचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन ह्यांनीं पुढें आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत त्या दशकांत मोटारीचा धंदा पालटविणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: हप्त्यानें विक्री, जुनी गाडी देऊन नवी घेण्याची सोय, बंद टपाची गाडी आणि दर वर्षीं नवा नमुना. ह्यांतील दुसऱ्या गोष्टीकडे इतिहासकारांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. दर वर्षीं नवा नमुना निघावयाचा, तर कालची गाडी आज जुनी दिसली पाहिजे. आणि ती जुनी गाडी व्यापाऱ्यानें परत घेतली, तर तिला पुन्हा नवी दाखवून कोणाच्या तरी गळ्यांत घातली पाहिजे. ज्या रंगानें नवी गाडी स्वस्तांत नटली, त्याच रंगानें जुनी गाडीहि दोन दिवसांत नटूं लागली. चकाकी जोंपर्यंत महाग होती तोंपर्यंत ती निगेची साक्ष देत होती. ती स्वस्त झाली आणि तिची साक्ष अग्राह्य झाली.

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांचीं सोंगें मी येथें सविस्तर सांगत नाहीं. तीं सर्वांनाच थोडींबहुत ठाऊक आहेत. गिअरच्या पेटींत लांकडाचा भुसा घालून खडखडाट दडपावयाचा, टायरांना काळें फांसावयाचें, पोचा पडला असेल तेथें लांबी भरून वर रंग मारावयाचा. ह्यावर गिऱ्हाइकांनींहि आपल्या युक्त्या काढल्या. खिशांत एक लहानसें लोहचुंबक ठेवावें आणि तें पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें खालीं पत्रा नसून लांबी आहे, असें समजावें. दाराच्या रबरी पट्ट्या उचलून त्यांच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत काय, तें पाहावें. ह्या परीक्षेंत सुंदर कुरूप हा प्रश्न उरलाच नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गिऱ्हाईक रंगाकडे पाहत होता तो रंगासाठीं नव्हे, तर रंगाखालीं काय दडविलें आहे तें हुडकण्यासाठीं.

१९७० सालीं जॉर्ज अकरलॉफ ह्या तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें ह्याच बाजारावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाहींत. म्हणून घेणारा सर्वच जुन्या गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा धनी गाडी बाजारांत आणीतच नाहीं. आणि मग बाजारांत वाईट गाड्याच शिल्लक राहतात, असा त्याचा युक्तिवाद. तो निबंध आरंभीं एकाहून अधिक नियतकालिकांनीं साभार परत केला होता. २००१ सालीं त्याच विचाराच्या गौरवार्थ अकरलॉफ ह्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकन सरकारनेंहि ह्या बाजारांत हात घातला. १९७२ च्या कायद्यानें मैल मोजणारा कांटा मागें फिरविणें गुन्हा ठरलें, आणि १९८५ पासून जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यानें ती हमीसह आहे कीं जशी आहे तशी, हें सांगणारा कागद गाडीच्या कांचेवर लावलाच पाहिजे, असा नियम झाला. परंतु त्या कागदावर रंगाविषयीं अक्षर नव्हतें.

रंगाचा प्रश्न शेवटीं न्यायालयांत गेला, आणि तोहि जुन्या नव्हे, तर नव्या म्हणून विकलेल्या गाडीवरून. १९९० च्या जानेवारींत अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम शहरीं एका डॉक्टरांनीं काळ्या रंगाची बीएमडब्ल्यू मोटार ४०,७५० डॉलर ८८ सेंट देऊन विकत घेतली. नऊ महिने त्यांनीं ती चालविली; तिच्या रंगांत कांहीं वैगुण्य आहे, असें त्यांना एकदांहि वाटलें नाहीं. मग ती अधिक झळझळीत दिसावी म्हणून त्यांनीं ती एका चकाकी देणाऱ्या कारागिराकडे नेली. आणि त्या कारागिराच्या सरावलेल्या नजरेनें ओळखलें कीं, हिचें अंग एकदां पुन्हा रंगविलेलें आहे.

चौकशींत निघालें तें असें. जर्मनींतील कारखान्यापासून अमेरिकेपर्यंतच्या प्रवासांत, बहुधा आम्लयुक्त पावसानें, गाडीचा रंग खराब झाला होता. कंपनीनें जॉर्जिया संस्थानांतील आपल्या केंद्रांत टप, बॉनेट, डिकी आणि चाकांवरील पत्रे पुन्हा रंगवून घेतले. खर्च आला ६०१ डॉलर ३७ सेंट. कंपनीचा १९८३ पासून असा नियम होता कीं, अशा दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या शेंकडा तिनाहून अधिक झाला तर ती गाडी जुनी म्हणून विकावी. तितका झाला नाहीं तर नवी म्हणूनच विकावी, आणि गिऱ्हाइकालाच काय, पण विक्रेत्यालाहि त्याचा पत्ता लागूं देऊं नये. प्रस्तुत खर्च शेंकडा दीडच होता. अशा ९८३ गाड्या देशभर विकल्या गेल्या होत्या.

सकृद्दर्शनीं कंपनीची बाजू अगदींच लंगडी नाहीं. रंग उत्तम बसला होता. मालकाला नऊ महिने कळलें नाहीं. यंत्राला, वेगाला, सुरक्षिततेला कसलाहि धक्का नव्हता. मग डॉक्टरसाहेबांचें गेलें तरी काय? ह्याला उत्तर एका माजी विक्रेत्याच्या साक्षींत मिळालें. त्यानें सांगितलें कीं, पुन्हा रंगविलेली गाडी मूळ रंगाच्या गाडीपेक्षां शेंकडा दहानें कमी किंमतीला जाते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा फरक बाजाराला दिसत होता, आणि त्याचें मोल चार हजार डॉलर होतें. माझ्या मतें ह्या खटल्याचें मर्म येथें आहे. गिऱ्हाइकानें चकाकीसाठीं पैसे मोजले नव्हते. ही चकाकी पहिलीच आहे ह्या शब्दासाठीं मोजले होते. चकाकी त्याला मिळाली. शब्द मिळाला नव्हता. उद्यां हीच गाडी तो दुसऱ्याला विकावयास निघाला असता आणि त्या दुसऱ्यानें चुंबक किंवा मापकयंत्र लावून पाहिलें असतें, तर लबाड ठरले असते ते हेच निरपराध डॉक्टर.

ज्यूरीनें नुकसानभरपाईचे ४,००० डॉलर आणि कंपनीला अद्दल घडावी म्हणून आणखी ४० लाख डॉलर देवविले. तो हिशेब मोठा सरळ होता: चार हजारांचा तोटा सुमारें हजार गाड्यांवर. अलाबामाच्या वरिष्ठ न्यायालयानें ही दंडाची रक्कम २० लाखांवर आणली. पुढें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें, आणि २० मे १९९६ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं ही रक्कमहि राज्यघटनेला न मानवणारी, अवास्तव ठरली. १९९७ सालीं अलाबामाच्या न्यायालयानें ५०,००० डॉलर घ्या, नाहींतर खटला पुन्हा चालवा, असा निर्णय दिला. कायद्याचे विद्यार्थी 'बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर' हा खटला दंडाची मर्यादा घालणारा म्हणून पाठ करतात. पण त्यांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. त्याच संस्थानांत दुसऱ्या एका डॉक्टरांनीं त्याच कंपनीवर त्याच तऱ्हेची फिर्याद केली होती. तेथें ज्यूरीनें ४,६०० डॉलर भरपाई दिली, पण दंड म्हणून एक सेंटहि दिला नाहीं. रंग लपविणें हा अपराध आहे कीं नुसती व्यापारी अदब, ह्याविषयीं साध्या माणसांचें मत किती दुभंगलेलें होतें, तें ह्यावरून दिसतें. कंपनीनें मात्र ज्यूरीच्या निकालानंतर कांहीं दिवसांतच, दुरुस्ती कितीहि किरकोळ असो, ती कळविण्याचा नियम केला.

ह्यापुढचा भाग थोडक्यांत आटोपतां येईल. रंगाच्या थराची जाडी मोजणारें हातांत मावेल असें यंत्र आज जुन्या मोटारींच्या व्यापारांत सर्रास वापरलें जातें. कारखान्यांतून निघालेल्या गाडीवर साधारणतः १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. एखाद्या दारावर त्याच्या दुप्पट आंकडा दिसला कीं गिऱ्हाईक भुंवया उंचावतो. ब्रिटनमध्यें मुदतीच्या भाड्यानें दिलेल्या गाड्या परत घेतांना त्या धंद्याच्या संघटनेचें एक मार्गदर्शक पुस्तक प्रमाण मानतात. त्यांत, आंतला थर उघडा पडला नसेल तर २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा क्षम्य, अशी मोजमापाची भाषा आहे. निगा ही वस्तु अशा रीतीनें पट्टीनें मोजतां येऊं लागली.

एवढें मात्र सांगावेंसें वाटतें कीं, ह्या काटेकोरपणाचा अतिरेकहि होतो. उंची गाडी घेणारा म्हणतो, ज्या धन्यानें साधा ओरखडा भरून घेतला नाहीं, त्यानें यंत्रांतील तेल तरी वेळेवर बदललें असेल काय? अनुमान वाईट नाहीं, पण उलट बाजूनें तें फसतें. हमरस्त्यावर पन्नास हजार मैल प्रामाणिकपणें धांवलेल्या गाडीच्या नाकाडावर बारीक खड्यांचे टवके उडालेले असावयाचेच. ते जर मुळींच नसतील, तर जाणत्यानें आनंद न मानतां, हें नाकाड केव्हां आणि कां रंगविलें, असें विचारावें. टवक्यांसह आलेली गाडी पुष्कळदां नितळ गाडीपेक्षां अधिक खरें बोलते.

हाच विचार पुढें नेला म्हणजे आपण ह्या इतिहासाच्या सर्वांत विलक्षण वळणावर येतों. कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें १९५० पासून मोटारींचें एक सौंदर्यप्रदर्शन भरतें. पहिल्या कांहीं वर्षांत तेथें नव्या गाड्याच अग्रपूजेचा मान मिळवीत. १९५५ सालीं फिल हिल ह्या शर्यतपटूनें, जो पुढें १९६१ सालीं जगज्जेता झाला, १९३१ ची एक पिअर्स-ॲरो गाडी जीर्णोद्धार करून आणली आणि बक्षीस जिंकलें. तेव्हांपासून जीर्णोद्धाराची लाट आली. गाड्या इतक्या घोटून रंगविल्या जाऊं लागल्या कीं, कारखान्यांतून निघतांना त्या कधींच इतक्या चकाकल्या नसतील. हेमाडपंती देवळाला तैलरंग फांसणारे उत्साही पंच आपल्या गांवोगांवीं असतात. तोच हा प्रकार, पैसा मात्र अधिक.

ह्याची प्रतिक्रिया एकविसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. गाडीला मूळ रंग एकदांच मिळतो, तो उडाला कीं पुन्हा आणतां येत नाहीं, हें तत्त्व संग्राहक मानूं लागले, आणि जीर्णोद्धार न केलेल्या गाड्यांसाठीं प्रदर्शनांतून निराळे वर्ग निघाले. २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिसला एक लिलांव झाला. फ्रान्सच्या पश्चिम भागांत रोजे बायों ह्या वाहतूक-व्यावसायिकानें जमविलेल्या सुमारें साठ गाड्या कित्येक दशकें पडव्यांतून पडून होत्या. कित्येकींवर वेल चढले होते, कित्येकींचे पत्रे गंजून फाटले होते. त्यांत जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं एक फेरारी निघाली. नट आलें दलों ह्यांची ती एकेकाळची गाडी. ती धुळीसकट विकावयास मांडली, आणि ती १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. लिलांववाल्यांनीं ती पुसली नाहीं, ह्यांत त्यांचें धंद्याचें शहाणपण होतें. २०२४ च्या ऑगस्टांत पेबल बीचचें सर्वोच्च बक्षीस बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड ह्याच्याकडे एके काळीं असलेल्या १९३४ च्या बुगाटीला मिळालें. त्या प्रदर्शनाच्या इतिहासांत जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मी स्वतः ह्या नव्या पंथाचा पुरता अनुयायी नाहीं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार लोकांसमोर येते, तेव्हां तिच्या रंगाचे मायक्रॉन कोणी मोजीत नाहीं. ती अजून चालते आणि मानानें येते, एवढें पाहून लोक संतुष्ट होतात. जी वस्तु वापरांत आहे तिला कल्हई लागणारच. परंतु जी वस्तु पुरावा म्हणून विकली जाते, तिच्यावर हात फिरविणाऱ्यानें तो कोठें फिरविला, हें सांगितलें पाहिजे, येथें माझा त्यांच्याशीं मतभेद नाहीं.

आणि सांगावयाची गरज कां, तेंहि ऐका. जुन्या ओरखड्यांना भाव आला, त्याबरोबर त्यांचे कारागीरहि निघाले. नवा रंग मुद्दाम घासून पातळ करणारे, त्याचा तजेला घालविणारे, कडा झिजल्यासारख्या दाखविणारे लोक आज ह्या कामाचे चांगले पैसे घेतात. घोड्याचे दांत कोरणारा दलाल म्हाताऱ्याला तरुण करीत असे. हे तरुणाला म्हातारा करतात. म्हणून अशी मोटार घेणारा सावध गृहस्थ आतां चुंबक घरीं ठेवून हातांत भिंग आणि त्या गाडीचीं जुनीं छायाचित्रें घेऊन जातो, आणि मडगार्डवरचा ओरखडा छायाचित्रांतील ओरखड्याशीं ताडून पाहतो.